व्हीटन कॉलेजचा समुपदेशन अभ्यासक्रम: शिकवणारे कोण आहेत?

शिकागोच्या पश्चिमेला सुमारे चाळीस किलोमीटरवर असलेल्या व्हीटन कॉलेजच्या पदव्युत्तर समुपदेशन अभ्यासक्रमाबद्दल आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीतील, म्हणजे चर्चमधील, तरुण मुलेमुली मला वरचेवर विचारत असतात. त्यांचा पहिला प्रश्न शुल्काचा असतो, दुसरा व्हिसाचा, आणि तिसरा बहुधा वसतिगृहात स्वयंपाकाची सोय आहे का, असा असतो. शिकवणार कोण, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. समुपदेशन ही विद्या पुस्तकातून जितकी कळते त्याच्या कितीतरी पट ती शिकवणाऱ्याच्या बसण्याबोलण्यातून, त्याने आपल्या मुलाखतीच्या टिपणांवर मारलेल्या लाल शेऱ्यांतून कळते, आणि म्हणून या परीक्षणात मी केवळ प्राध्यापकवर्गाच्या पार्श्वभूमीविषयीच लिहिणार आहे. इमारती, ग्रंथालय आणि हिवाळ्यातील थंडी यांवर इतरांनी पुष्कळ लिहिलेले आहे.

व्हीटनची स्थापना 1860 साली झाली. पहिले अध्यक्ष जोनाथन ब्लँचर्ड हे गुलामगिरीचे कडवे विरोधक होते. प्रसिद्ध ख्रिस्ती प्रचारक बिली ग्रॅहम येथूनच 1943 साली पदवीधर झाले, आणि तेव्हापासून अमेरिकेतील इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलला सर्वोच्च प्रमाण मानणाऱ्या प्रोटेस्टंट जगात या महाविद्यालयाच्या नावाला वेगळेच वजन आहे. या परिसराचा समुपदेशनाशी एक जुना धागाही आहे, जो व्हीटनच्या माहितीपत्रकात सापडणार नाही. क्लायंटकेंद्री समुपदेशनाचे जनक कार्ल रॉजर्स यांचे किशोरवय व्हीटनला लागून असलेल्या ग्लेन एलिन येथील शेतावर, अतिशय कर्मठ ख्रिस्ती घरात गेले. त्यांनी न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत दोन वर्षे धर्मशिक्षण घेतले आणि मग ते सोडून कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात मानसशास्त्राकडे वळले. आज जगातील कोणत्याही समुपदेशन वर्गात, व्हीटनमध्येसुद्धा, पहिल्या सत्रात ऐकण्याची जी पद्धत शिकवली जाते ती बहुतांशी त्यांचीच आहे.

अभ्यासक्रमाची रचना थोडक्यात सांगते. व्हीटनमध्ये मानसशास्त्र, समुपदेशन आणि कुटुंबोपचार यांचा एकत्र विभाग आहे. त्यात चिकित्सात्मक मानसिक आरोग्य समुपदेशनाची एम.ए., विवाह व कुटुंबोपचाराची एम.ए. आणि चिकित्सा मानसशास्त्राची साय.डी. ही डॉक्टरेट असे तीन प्रवाह चालतात. समुपदेशनाच्या एम.ए.ला केक्रेपची मान्यता आहे. केक्रेप ही समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी, 1981 साली स्थापन झालेली परिषद आहे. या मान्यतेमुळे 60 श्रेयांक, प्रॅक्टिकमचे, म्हणजे पर्यवेक्षणाखालील पहिल्या सरावाचे, किमान 100 तास आणि इंटर्नशिपचे किमान 600 तास ठरून जातात. इंटर्नशिपच्या तासांपैकी 240 तास प्रत्यक्ष क्लायंटसमोर बसून काढावे लागतात. याशिवाय व्हीटनमध्ये बायबल आणि धर्मशास्त्राचे विषयही घ्यावे लागतात.

आता प्राध्यापकांकडे वळते. व्हीटनमधील प्रत्येक प्राध्यापकाला, मग तो रसायनशास्त्राचा असो की समुपदेशनाचा, महाविद्यालयाच्या विश्वासाच्या निवेदनाशी आपण सहमत असल्याचे दरवर्षी लेखी कळवावे लागते, आणि आचरणासंबंधीचा सामुदायिक करारनामाही पाळावा लागतो. ही अट कागदावरची नाही. 2004 साली तत्त्वज्ञानाचे साहाय्यक प्राध्यापक जोशुआ हॉक्शिल्ड कॅथलिक झाले आणि त्यांची नोकरी पुढे चालू राहिली नाही. डिसेंबर 2015 मध्ये राज्यशास्त्राच्या प्राध्यापिका लॅरिशिया हॉकिन्स यांनी मुस्लिमांशी सहभाव दाखवण्यासाठी हिजाब घातला आणि मुस्लिम व ख्रिस्ती एकाच देवाची उपासना करतात असे लिहिले, तेव्हा त्यांना रजेवर पाठवण्यात आले आणि फेब्रुवारी 2016 मध्ये परस्परसंमतीने त्यांनी महाविद्यालय सोडले. कायमस्वरूपी नेमणूक मिळालेल्या त्या तेथील पहिल्या कृष्णवर्णीय महिला होत्या. दोन्ही प्रकरणे समुपदेशन विभागातील नव्हती, पण ज्या छताखाली हा विभाग चालतो ते छत कसे आहे हे त्यांवरून कळते.

याचा व्यवहारातला अर्थ पुष्कळजण उलटा लावतात. सर्व प्राध्यापक श्रद्धावान ख्रिस्ती आहेत म्हणजे सर्व चांगले आहेत, असे आमच्याकडील पालक मानतात, आणि धर्मावर ज्यांचा राग आहे ते सर्व एकाच साच्यातील आहेत म्हणजे सर्व वाईट आहेत असे मानतात. माझे म्हणणे असे आहे की जी सही प्रत्येकाने केलेली आहे ती एका प्राध्यापकाला दुसऱ्यापासून वेगळे करीत नाही, आणि म्हणूनच निवड करणाऱ्या विद्यार्थ्याला तिचा उपयोग नाही. परिचयाच्या पानावरील उरलेल्या ओळी वाचाव्यात. डॉक्टरेट कोणत्या विषयात आहे, ती कोठे मिळवली, परवाना कोणत्या प्रकारचा आहे, आणि वर्गाबाहेर तो माणूस कोणासमोर बसलेला आहे, या चार गोष्टींवरच शिकवण्याचा दर्जा अवलंबून असतो.

पहिली गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. ख्रिस्ती महाविद्यालयांतील समुपदेशन विभाग पूर्वी मुख्यत्वे चिकित्सा मानसशास्त्रज्ञांनी उभे केले. फुलर या ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या सेमिनरीने 1965 साली कॅलिफोर्नियातील पॅसडेना येथे मानसशास्त्राची शाखा काढली, तेव्हा पहिले अधिष्ठाता म्हणून ली एडवर्ड ट्रॅव्हिस यांना आणले, जे वाचादोष आणि मेंदूच्या विद्युतलहरी यांवरील संशोधनासाठी आधीच प्रसिद्ध होते. 1977 साली बायोला या ख्रिस्ती विद्यापीठात विलीन झालेली रोझमीड ही संस्थाही मानसशास्त्राच्याच पायावर उभी राहिली. अशा संस्थांतून बाहेर पडलेले डॉक्टर पुढे देशभरच्या ख्रिस्ती महाविद्यालयांत समुपदेशन शिकवू लागले. केक्रेपने मात्र नियम बदलला. 1 जुलै 2013 पूर्वी समुपदेशन अभ्यासक्रमात किमान एक शैक्षणिक वर्ष पूर्णवेळ शिकवलेले मानसशास्त्रज्ञ चालतील, पण त्यानंतर मुख्य प्राध्यापक म्हणून नव्याने येणाऱ्याची डॉक्टरेट समुपदेशक-शिक्षण याच विषयातील हवी. मानसशास्त्रज्ञांना तो नियम जाचक वाटला आणि समुपदेशकांना तो उशिरा आलेला वाटला. विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्याचा परिणाम असा की आज एखाद्या विभागात दोन पिढ्या शेजारीशेजारी दिसतात. जुनी पिढी निदान, चाचण्या आणि मनोविकृतिशास्त्रात मुरलेली असते, आणि नवी पिढी पर्यवेक्षण, गटकार्य आणि समुपदेशकाच्या व्यावसायिक ओळखीवर भर देते. व्हीटनमध्ये साय.डी.चा प्रवाह त्याच विभागात असल्यामुळे एम.ए.च्या विद्यार्थ्याला दोन्ही परंपरा एका छताखाली मिळतात, आणि ही मला या अभ्यासक्रमाची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते.

उदाहरण म्हणून मार्क यारहाऊस यांची पार्श्वभूमी पाहावी. कॅल्विन कॉलेजातून तत्त्वज्ञान आणि कला या विषयांत पदवी, नंतर व्हीटनमध्येच धर्मशास्त्र आणि चिकित्सा मानसशास्त्र अशा दोन एम.ए. आणि तेथेच साय.डी., मग व्हर्जिनियातील रीजेंट विद्यापीठात सुमारे दोन दशके अध्यापन, आणि 2019 मध्ये पुन्हा व्हीटन, असा त्यांचा प्रवास आहे. आपलाच विद्यार्थी आपल्याच विभागात प्राध्यापक म्हणून आला की आपण महाराष्ट्रात लगेच नाक मुरडतो, आणि बऱ्याचदा ते रास्तही असते. येथे मध्ये वीस वर्षांचा प्रवास झालेला आहे, त्यामुळे तो आक्षेप बराच सौम्य होतो. त्यांचा विषय लैंगिक आणि लिंगभाव ओळख हा आहे, म्हणजे इव्हँजेलिकल महाविद्यालयात सर्वांत अवघड समजला जाणारा. 2007 साली त्यांनी व्हीटनचे तेव्हाचे प्रोव्होस्ट (शैक्षणिक प्रमुख) आणि स्वतः मानसशास्त्रज्ञ असलेले स्टँटन जोन्स यांच्याबरोबर, धार्मिक संस्थांच्या मदतीने समलैंगिक कल बदलू पाहणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता, आणि त्याच्या पद्धतीवर जोरदार टीका झाली. पुढे त्यांचे काम कल बदलण्यापेक्षा माणसाला आपली श्रद्धा आणि आपली ओळख यांतला ताण सुसह्य कसा होईल, या दिशेने अधिक गेले. त्यांच्याशी कोणी सहमत असो वा नसो, हा प्रश्न टाळणाऱ्या विभागापेक्षा त्यावर आयुष्यभर काम केलेला माणूस असलेला विभाग विद्यार्थ्यासाठी अधिक उपयोगी आहे. इलिनॉयमध्ये 2016 पासून परवानाधारकांना अल्पवयीनांवर असे 'बदल' घडवण्याचे उपचार करण्यास कायद्याने बंदी आहे, हेही येथे शिकणाऱ्याने आधीच जाणून घ्यावे.

दुसरे उदाहरण मानसशास्त्रज्ञ जेमी एटन यांचे आहे. मिसिसिपीतील हॅटिसबर्ग येथे नोकरीसाठी राहायला गेल्यानंतर सहाच दिवसांनी, ऑगस्ट 2005 मध्ये, कतरिना वादळ आले. खोकीही धड न उघडलेल्या घरातून ते आपत्तीग्रस्तांच्या मानसिक आरोग्याच्या कामात ओढले गेले, आणि पुढे व्हीटनमध्ये त्यांनी आपत्ती व मानवतावादी साहाय्याची संस्था स्थापन केली. मंडळ्या आणि त्यांचे पाळक, म्हणजे धर्मसेवक, आपत्तीच्या वेळी मानसिक आधार कसा देऊ शकतात, हा तिच्या कामाचा गाभा. किल्लारीचा 1993 चा भूकंप ज्यांनी पाहिला, किंवा त्यानंतर पत्र्याच्या शेडमधील माणसांशी बोलायला गेलेल्या कार्यकर्त्यांची तारांबळ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या पार्श्वभूमीचे मोल वेगळे समजावून सांगायला नको. विभागाच्या संशोधनाला ही नाळ लाभली, ही गोष्ट आपल्याकडे परतून काम करू इच्छिणाऱ्यासाठी फार महत्त्वाची आहे.

अर्थात दोन नामवंत म्हणजे अख्खा विभाग नव्हे. नामवंत प्राध्यापक संशोधनात आणि व्याख्यानांत गुंतलेले असतात, आणि एम.ए.च्या विद्यार्थ्याचा गटपर्यवेक्षणाचा आठवड्याचा दीड तास बहुधा दुसऱ्याच कोणाकडे असतो. तो दुसरा कोण, हे विचारल्याशिवाय अर्ज करू नये. केक्रेपच्या नियमानुसार विभागात किमान तीन मुख्य प्राध्यापक असावे लागतात, पूर्णवेळच्या हिशेबाने बारा विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक हे प्रमाण ओलांडता येत नाही, आणि तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांचा वाटा मुख्य प्राध्यापकांपेक्षा वरचढ होऊ नये अशी अपेक्षा असते. परंतु हा हिशेब सगळ्या विभागाचा मिळून असतो. तुमच्या वाट्याला आलेल्या सत्रात कोण येईल याची हमी त्यात नसते.

हे मी अनुभवाने सांगते. मी स्वतः शिकले ते एक वेगळे ख्रिस्ती महाविद्यालय होते, ज्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. तेथे इंटर्नशिपच्या सत्रात आमचे गटपर्यवेक्षण तासिका तत्त्वावर आलेल्या एका पाळकांकडे होते. माणूस अत्यंत प्रेमळ, डॉक्टर ऑफ मिनिस्ट्री, तीस वर्षे मंडळी सांभाळलेला. एका आठवड्यात मी क्लायंटच्या परवानगीने केलेले ध्वनिमुद्रण लावले. तान्हे मूल गेलेली बाई होती. "मूल गेल्यापासून मी रविवारी चर्चला जात नाही," असे ती म्हणाली आणि मग बराच वेळ मुद्रणात फक्त खोलीतल्या हीटरची घरघर ऐकू येत होती. पर्यवेक्षकांनी मुद्रण थांबवले आणि गटाला विचारले, या ठिकाणी तुम्ही तिला बायबलमधले कोणते वचन द्याल? गटाने पाच वचने सुचवली. ती किती दिवस झोपलेली नाही, घरात तिच्याबरोबर कोण आहे, जगण्याविषयी ती काय बोलली, यांपैकी एकही प्रश्न त्या दीड तासात निघाला नाही. आपल्याकडे घरात काही बिनसले की पाळकसाहेबांना बोलावण्याची रीत आहे आणि तिचा मला आदर आहे, पण पाळकपणाचा अनुभव हा चिकित्सेच्या पर्यवेक्षणाला पर्याय होत नाही.

म्हणून व्हीटनच्या, किंवा कोणत्याही ख्रिस्ती महाविद्यालयाच्या पानावर मी आडनावापुढील अक्षरे फार बारकाईने वाचते. एम.डिव्ह. आणि डी.मिन. या धर्मसेवेच्या पदव्या आहेत, त्यांच्या जोडीला चिकित्सेचे शिक्षण असेल तर त्या सोन्याहून पिवळ्या, नसेल तर अपुऱ्या. इलिनॉयमध्ये एल.पी.सी. हा सुरुवातीचा परवाना आणि एल.सी.पी.सी. हा पर्यवेक्षणाखालील आणखी अनुभवानंतर मिळणारा, स्वतंत्रपणे काम करू देणारा परवाना आहे. पर्यवेक्षकाकडे यांतला दुसरा, किंवा मानसशास्त्रज्ञाचा परवाना असावा. धर्मसेवा आणि चिकित्सा या दोन्ही वाटा चालून आलेली माणसे या क्षेत्रात नाहीत असे नाही. फुलरमध्ये अनेक वर्षे शिकवलेले सियांग-यांग टॅन हे मॅकगिल विद्यापीठाचे पीएच.डी. मानसशास्त्रज्ञ आणि त्याच वेळी एका मंडळीचे पाळक होते. तेथीलच अधिष्ठाता आर्चिबाल्ड हार्ट हे तर मुळात दक्षिण आफ्रिकेतील स्थापत्य अभियंता होते. पार्श्वभूमी वळणावळणाची असण्याला माझा आक्षेप नाही, वळणे घेताना चिकित्सेचा घाट टाळलेला नसावा इतकेच.

आणखी एक कसोटी नीतिनियमांची आहे. अमेरिकन समुपदेशन संघटनेच्या 2014 च्या आचारसंहितेनुसार समुपदेशकाने आपली मूल्ये क्लायंटवर लादू नयेत आणि केवळ स्वतःच्या मूल्यांशी जुळत नाही म्हणून क्लायंटला दुसरीकडे पाठवू नये. या कलमांमागे जुलिया वॉर्ड प्रकरणाची पार्श्वभूमी आहे. ईस्टर्न मिशिगन या सरकारी विद्यापीठातील या विद्यार्थिनीने 2009 साली एका समलैंगिक क्लायंटला दुसऱ्याकडे पाठवावे असे पर्यवेक्षकाला सांगितले, तिला काढून टाकण्यात आले, अपील न्यायालयाने 2012 मध्ये प्रकरण पुन्हा खालच्या न्यायालयाकडे पाठवले आणि त्याच वर्षाच्या शेवटी तडजोड झाली. ख्रिस्ती महाविद्यालयातील प्राध्यापकाला महाविद्यालयाचा करारनामा आणि व्यवसायाची ही संहिता दोन्ही पाळायची असतात. प्रवेशाच्या मुलाखतीत तुम्हाला प्रश्न विचारायची संधी मिळाली तर हाच प्रश्न विचारा, आणि उत्तर देणाऱ्याने स्वतः सरकारी दवाखान्यात, शाळेत किंवा तुरुंगात, जेथे क्लायंट निवडता येत नाही अशा ठिकाणी, काम केले आहे का ते पाहा. ज्याने केले आहे त्याचे उत्तर उदाहरणाने सुरू होते. इतरांचे तत्त्वाने.

वसईच्या कॅथलिक वाचकांसाठी एक वेगळी सूचना. व्हीटनमध्ये विद्यार्थ्याने ख्रिस्ती श्रद्धा जाहीर करणे आणि करारनामा मान्य करणे अपेक्षित असते, पण हॉक्शिल्ड प्रकरणावरून दिसते त्याप्रमाणे कॅथलिक प्राध्यापक तुम्हाला तेथे भेटणार नाहीत. पापनिवेदन, साक्रामेंते (धर्मसंस्कार) आणि धर्मगुरूशी असलेले नाते यांसह ज्यांना समुपदेशनाचा विचार करायचा आहे त्यांना ही उणीव जाणवेल. जवळच शिकागो शहरात येशूसंघीयांचे (जेझुइटांचे) लॉयोला विद्यापीठ आहे, जेथे प्राध्यापकांना अशी सही करावी लागत नाही, आणि ज्याचा आपल्या प्रांताशी थेट संबंध आहे. मुंबईत जन्मलेले फादर अँथनी डिमेलो 1960 च्या दशकात याच लॉयोलात पास्टरल (धर्मसेवेशी जोडलेले) समुपदेशन शिकले आणि पुढे त्यांनी पुण्यात साधना संस्था सुरू केली, जी नंतर लोणावळ्याला गेली. 1987 साली त्यांचे निधन झाले आणि 1998 मध्ये रोमने त्यांच्या लेखनातील काही मतांविषयी सावधगिरीची सूचना काढली. म्हणजे शिकवणाऱ्याच्या मतांवर चर्चची नजर असणे ही केवळ इव्हँजेलिकलांची मक्तेदारी नाही, फरक इतकाच की लॉयोलात ती नजर समुपदेशनाच्या वर्गापर्यंत सहसा पोचत नाही. हिंदू, बौद्ध किंवा मुस्लिम मराठी विद्यार्थ्यांसाठी व्हीटन हा पर्यायच नाही, तेव्हा त्यांनी या परीक्षणातील फक्त प्राध्यापकांची पाने वाचण्याचा भाग उचलावा आणि तो कोणत्याही विद्यापीठाला लावावा.

गुण द्यायचे तर प्राध्यापकांच्या शैक्षणिक आणि चिकित्सेच्या पार्श्वभूमीसाठी मी व्हीटनला पाचपैकी साडेचार देईन. पार्श्वभूमीच्या विविधतेसाठी मात्र अडीचच्या वर जाता येत नाही, कारण श्रद्धेची अट ठेवल्यावर निवडीचे क्षेत्रच आखडते, आणि ज्यांना स्वतःच्या परंपरेबाहेरच्या शिक्षकाकडून शिकायचे आहे त्यांना ही उणीव इंटर्नशिपच्या ठिकाणीच भरून काढावी लागेल. भारतात परतण्याचा विचार असेल त्यांनी आणखी एक पाहावे. 2021 मध्ये संसदेने संबद्ध आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि वर्तनविषयक आरोग्याचे व्यवसाय त्याच्या कक्षेत आले. परदेशी पदवीची उद्या छाननी झाली तर अभ्यासक्रमाची मान्यता, पर्यवेक्षित तासांची नोंद आणि पर्यवेक्षकाचा परवाना क्रमांक हे कागद मागितले जाण्याची शक्यता आहे. ते पदवीदान समारंभाच्या आधीच, पर्यवेक्षकाच्या सहीनिशी घेऊन ठेवावेत, कारण तासिका तत्त्वावरील माणूस सत्र संपले की निघून जातो आणि मग त्याला शोधत बसावे लागते.